एमजीबी घेताय? आधी खाली वाकून सिल बघा

आमच्या मोठ्या काकांकडे साताऱ्याला पांढरी अँबॅसिडर होती. लग्नाला, देवाला, दवाखान्यात, सगळीकडे तीच, आणि दिवाळीच्या सुट्टीत काका बॉनेट उघडून टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटी) सेट करायचे तेव्हा टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. पुढे नोकरीमुळं इंग्लंडला ऑक्सफर्डशायरमध्ये आलो आणि एका रविवारी शेजारच्या गावात कुणाच्या तरी एमजीबीचं, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, बॉनेट उघडं दिसलं म्हणून डोकावलो, तर आत काकांच्या गाडीचंच इंजिन. अगदी तेच नाही, पण एकाच घरातलं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजची, अँबॅसिडरचं १४८९ सीसी आणि हिचं १७९८, वर दोन कार्ब्युरेटर. तेव्हापासून जो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. आता १९७३ ची मोहरीच्या रंगाची एमजीबी रोडस्टर सात वर्षं माझ्या दारात आहे, त्यातली पहिली दोन वर्षं मी बरंचसं चुकीचं केलं, आणि इथली आपली मंडळी "आम्हालाही घ्यायचीय" म्हणून विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

सुरुवातीलाच एक सांगतो, बाकी लेख विसरलात तरी चालेल. गाडी चालती ठेवून दुरुस्त करा. सगळी खोलून, नट न् नट वेगळा करून, मग नव्यासारखी जोडू असं मनात आणू नका. इथल्या विक्रीच्या जाहिराती वाचा, "पार्ट सगळे खोक्यांत आहेत, वेळ मिळत नाही म्हणून देणे आहे" अशा गाड्या किती असतात बघा. त्या सगळ्या कोणीतरी उत्साहात खोललेल्या असतात. एका वेळी एक काम, शनिवारी खोललं तर रविवारी संध्याकाळी परत रस्त्यावर, एवढा नियम पाळला तरी गाडी आणि संसार दोन्ही टिकतात.

कोणती घ्यायची

छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये साधारण माणसाच्या आवाक्यातल्या तीन. एमजी मिजेट (१९६१ ते १९७९) आणि तिची जुळी बहीण ऑस्टिन-हीली स्प्राइट, ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०), आणि एमजीबी (१९६२ ते १९८०). मिजेट फार गोड आहे, पण तुम्ही पावणेसहा फुटांच्या वर असाल तर आधी बसून बघा, गुडघे स्टिअरिंगला लागतात. स्पिटफायरचं अख्खं पुढचं नाक बॉनेटसकट पुढे उलटतं, इंजिनचं काम करायला असं सुख दुसऱ्या गाडीत नाही, पुढच्या टायरवर बसून चहा पीत प्लग बदलता येतात. तिची चासी ट्रायम्फ हेराल्डवरून आलेली, म्हणजे मद्रासला बनायची ती आपली स्टँडर्ड हेराल्ड हिची चुलत बहीण. स्पिटफायर घेतलीत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नाही, ईपी ९० हे जाड गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस भरून ठेवलेला ट्रनियन आतून गंजतो आणि एक दिवस मोडतो, मग चाक आडवं. आणि १५०० सीसीच्या इंजिनात कोणाला तरी क्लच दाबायला सांगून पुढची पुली बघा, ती डोळ्याला दिसेल इतकी पुढेमागे हलत असेल तर क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, बाजूला व्हा. १९७४ च्या शेवटापासूनच्या मिजेटमध्येही हेच ट्रायम्फचं इंजिन आहे, तिथेही हीच परीक्षा.

मी एमजीबी घेतली कारण ती पाच लाखांच्या वर बनली, आणि त्यामुळं सुटे भाग इतके मिळतात की साताऱ्यात स्प्लेंडरचे मिळावेत तसे. अगदी अख्खी नवी बॉडी सुद्धा, ब्रिटिश मोटर हेरिटेजनं १९८८ पासून मूळच्या साच्यांवर ती परत बनवायला घेतली. १९७४ च्या आधीच्या क्रोम बंपरवाल्या दिसायला छान आणि महाग, नंतरच्या काळ्या रबर बंपरवाल्या अमेरिकन नियमांमुळं उंच केलेल्या, वळणावर जरा जास्त झुकतात, पण स्वस्त. पहिली गाडी म्हणून रबर बंपर घ्यायला कमीपणा मानू नका. टप (दुमडायचं कापडी छत) नको असेल, मागे सामानाला जागा हवी असेल तर पक्क्या छताची एमजीबी जीटी बघा. १९६४ च्या शेवटापर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्टला धरणारी तीन मेन बेअरिंग, नंतर पाच. पाचवालं जास्त टिकतं.

बघायला जाताना

सोबत काय न्यायचं: लोहचुंबक (फ्रिजवर लावायचा चालतो, फडक्यात गुंडाळून), टॉर्च, जुने कपडे, एक छोटा ट्रॉली जॅक आणि गाडीचा शौक नसलेला एक मित्र. मित्र यासाठी की तुम्ही प्रेमात पडणार, त्यानं बाहीला धरून ओढायचं.

इंजिनकडे बघूच नका पहिला अर्धा तास. बी सिरीज इंजिन बैलासारखं आहे, बिघडलं तरी सुधारता येतं आणि खर्चही ठरलेला असतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी, आणि तिची ताकद आहे ती दरवाज्याखालच्या सिलमध्ये, म्हणजे त्या लांब पत्र्याच्या पेटीत. पक्कं छत नसलेल्या गाडीत तर वरून धरायला काहीच नाही, दोन सिल गेले की गाडी मधोमध खचते. म्हणून क्रम असा.

दरवाज्याच्या फटी बघा. मागच्या कडेची फट वर आणि खाली सारखी पाहिजे. वर निमुळती होत असेल तर गाडी खचलीय. मग मालकाला विचारून जॅक लावा, चाक जमिनीवरून उचला आणि दरवाजा उघडून परत लावा. सहज लागला तर उत्तम. घासायला लागला तर सिल कागदाचे आहेत असं समजा.

मग आडवे पडा. सिलच्या खाली आतल्या बाजूला किल्ल्याच्या तटासारखी दातेरी पट्टी असते, इथले लोक तिला कॅसल सेक्शन म्हणतात, त्या दातांमधून पाणी बाहेर पडतं. दाते दिसत नसतील, खाली नुसता गुळगुळीत पत्रा असेल तर कोणीतरी गंजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारलाय. माझ्या गाडीत हेच होतं. विकणारे आजोबा इतके प्रेमळ, चहा आणि केक दिला, मी लाजून खाली वाकलोच नाही, आठ महिन्यांनी जॅक लावला तर जॅक वर गेला आणि गाडी तिथेच राहिली, करकर आवाज करत पत्रा आत गेला. केक फार महागात पडला.

चुंबक फिरवा पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, मागच्या चाकाच्या कमानीवर, दरवाज्याच्या खालच्या कडेला. चुंबक धरत नसेल तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी कुठल्याही पन्नास वर्षांच्या गाडीत असणारच, पण तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरत असेल तर भाव पाडा नाहीतर निघा. पुढच्या चाकाच्या कमानीत हात घालून वरच्या कप्प्यात चिखल साचलाय का चाचपा, तो वर्षानुवर्षं ओला राहतो आणि मडगार्ड आतून खातो. सीटच्या मागचं झाकण उघडून बॅटरीचे खड्डे बघा, जुन्या गाड्यांत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि ॲसिड सांडून तळ गेलेला असतो. मागचे पाटे जिथे बॉडीला लागतात तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका, टणटण आवाज चांगला, धपधप वाईट.

आता इंजिन. थंड इंजिन सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर कारण विचारा. वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा चालताना ५० ते ८० पीएसआयमध्ये पाहिजे, उभ्या गाडीत १० ते २५ पर्यंत उतरला तर घाबरू नका. टॅपेटचा टकटक आवाज असू दे, उलट टॅपेट एकदम गप्प असतील तर फार घट्ट लावलेत आणि व्हॉल्व्ह जळायची भीती. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबा, मागे निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड, सतत येत असेल तर रिंगा. ओव्हरड्राइव्ह (बटणानं लागणारा जादा वरचा गिअर) असेल तर चौथ्या गिअरमध्ये बटण दाबून बघा, आरपीएम खाली यायला हवेत. चालत नसेल तर विकणारा "नुसती वायर असेल" म्हणतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा नुसती वायर किंवा गिअरबॉक्सवरचा स्विचच असतो, पण भाव करताना ते मनातच ठेवायचं.

तारेच्या चाकांच्या गाड्या फोटोत भारी दिसतात. चाक जमिनीवरून उचला, मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढेमागे हलवा. टक् टक् वाजलं तर हबचे दाते झिजलेत, मग हब आणि चाकं दोन्ही नवी. मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीनं ठोकून घट्ट करतात, कुठल्या बाजूला सैल होतो ते त्यावर बाणानं लिहिलेलं असतं, आणि डावे-उजवे हब एकमेकांच्या जागी कधीही लावायचे नाहीत, आटे उलट असतात ते चालताना नट सैल होऊ नये म्हणूनच.

कागदपत्रं, पटकन

इथे चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला रस्ता कर शून्य, पण ते आपोआप होत नाही, हिस्टॉरिक वर्गात नोंद करून घ्यावी लागते आणि दरवर्षी शून्य रुपयांचा, म्हणजे शून्य पौंडांचा कर "भरावा" लागतो. मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक फिटनेस तपासणीही सक्तीची नाही, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर. मी तरी दरवर्षी करून घेतो. दुसऱ्या कोणीतरी गाडी उचलून खालून बघितलेली बरी. हिस्टॉरिक वर्गात असली की लंडनच्या यूलेझ झोनचा (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा) चार्जही लागत नाही. विमा मात्र क्लासिकवाल्या कंपनीकडून आणि किंमत आधी ठरवून घ्या, नाहीतर अपघातात कोणीतरी साहेब पन्नास वर्षांची गाडी म्हणून भंगाराचा भाव लावतो.

पहिला महिना

गाडी घरी आली की रंग, क्रोम, लाकडी स्टिअरिंग हे सगळं बाजूला ठेवा. आधी ती थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळाली पाहिजे.

ब्रेक. फ्लुइड कधी बदललंय कोणालाच माहीत नसतं, पूर्ण काढून डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी पितं. पुढच्या जुन्या रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून बंद होतात, त्या स्वस्त आहेत, न बघता बदला. मागे ड्रम आहेत, त्यांना मागच्या प्लेटवर चौकोनी टोकाचा ॲडजस्टर असतो, चाक अडेपर्यंत घट्ट करायचा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत हळूहळू सोडायचा. त्याला बरोबर मापाचा चौकोनी पानाच लावा. मी साधा पाना लावून त्याचे कोपरे गोल केले आणि दहा मिनिटांच्या कामात रविवार घालवला.

पाना म्हटलं म्हणून सांगतो, आपल्या घरचे मेट्रिक पाने इथे चालत नाहीत. इंचाचे एएफ पाने घ्या, सात-षोडशांश, अर्धा आणि नऊ-षोडशांश या तीन मापांत निम्मी गाडी खुलते. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि मग नट गोल होतो.

पुढच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात, एकूण सहा. चाक उचलून भार काढा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा, दर ३००० मैलांनी. हे एवढंसं काम न केल्यामुळं बहुतेक गाड्यांचे किंगपिन जातात, आणि ते बदलणं फार कष्टाचं. लीव्हर वाले शॉक ॲब्झॉर्बर आहेत, त्यांचं ऑइल बघा, गळत असतील तर नवे बनवून मिळतात.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू५०, जुन्या गाड्यांसाठी म्हणून जे मिळतं तेच, त्यात झिंक जास्त असतं आणि या इंजिनच्या कॅमला ते लागतं. आजकालचं पातळ सिंथेटिक घालू नका, सगळ्या सीलमधून बाहेर येईल. गिअरबॉक्समध्येही हेच २०डब्ल्यू५०, अनेकजण सवयीनं गिअर ऑइल ओततात आणि मग गिअर पडत नाहीत म्हणून रडतात. मागच्या धुऱ्यात मात्र ईपी ९०.

पेट्रोल. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुने रबरी पाइप खातं. सुपर पेट्रोल भरा, ज्यावर ई ५ लिहिलेलं असतं, आणि पाइप सगळे इथेनॉल सोसणारे, आर ९ छापलेले नवे लावा. शिशाचं पेट्रोल २००० च्या सुरुवातीला बंद झालं, त्यामुळं हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का ते आधीच्या मालकाला विचारा. नसतील आणि तुम्ही हळू चालवणार असाल तर टाकीत ॲडिटिव्ह घालत रहा आणि टॅपेटच्या फटी बघत रहा, फट कमी कमी होत चालली म्हणजे सीट झिजतेय.

आणि गाडी वर्षानुवर्षं उभी होती अशी घेतली असेल तर किल्ली फिरवायची घाई नको. जुनं पेट्रोल काढा, चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घाला, दोन दिवस ठेवा, मग प्लग न लावताच स्टार्टर मारा, ऑइलचा काटा हलेपर्यंत. काटा हलला की प्लग लावायचे.

सिलचं काम

हे स्वतः करायचं की नाही? वेल्डिंग येत नसेल तर करू नका, पण काम कसं होतं ते माहीत पाहिजे म्हणजे करणारा फसवत नाही. माझ्या गाडीचं मी निम्मं स्वतः केलं, निम्मं एका वेल्डरला माझ्या गॅरेजमध्ये बोलावून, त्याला चहा देत आणि शिकत.

पहिला नियम, एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल कापलेत तर गाडीचं केळं होईल. दुसरा नियम, गाडी सपाट आणि स्वतःच्या भारावर, म्हणजे स्टँड धुऱ्याखाली आणि पुढच्या सस्पेन्शनखाली, मधे नाही. तिसरा, कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी पाइप वेल्ड करून आधार द्या, आणि फटींची मापं घेऊन भिंतीवर लिहा.

मग पुढचं मडगार्ड काढायचं. एमजीबीचं पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, ही देवाची कृपा, फक्त खालचे आणि विंडस्क्रीनजवळचे बोल्ट गंजलेले असतात त्यांना आदल्या आठवड्यापासून रोज तेल पाजा. मागचं वेल्ड केलेलं आहे आणि सिल त्याच्या आत शिरतो, म्हणून त्याचा खालचा कोपरा कापून नंतर नवा लावावा लागतो. कोणी म्हणालं की मडगार्ड न काढता सिल बदलून देतो, तर तो वरून पत्रा चढवणार आहे, त्याला नमस्कार करा.

बाहेरचा सिल ग्राइंडरनं उघडला की आत उभा मधला पत्रा दिसतो, त्याच्या पलीकडे आतला सिल. तो मधला पत्रा खालून कुजलेला असणार, त्याचा खालचा अर्धा आणि दातेरी कॅसल पट्टी बदलायची. सगळा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत कापा, "एवढं राहू दे" म्हणालात की दोन वर्षांत तेच परत. नवा पत्रा क्लॅम्प आणि स्क्रूनं जागेवर धरा, दरवाजा लावून बघा, मग फक्त टाके मारा, परत दरवाजा लावून बघा, आणि सगळं जुळल्यावरच पूर्ण वेल्ड. एमआयजी वेल्डिंग मशीनला ०.६ मिमीची वायर बरी, पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, जाड वायर आरपार भोकं पाडते. एका जागी सलग ओढू नका, इथे एक टाका, तिथे एक, मधे थंड होऊ द्या, नाहीतर पत्रा वाकडा होतो. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्डिंगआधी झिंक प्रायमर.

रंग झाल्यावर आत मेण फवारायचं, पाण्याच्या वाटा मोकळ्या सोडून, आणि हे दर दोन उन्हाळ्यांनी परत. उन्हाळ्यातच, कारण मेण गरम असेल तरच ते फटींत झिरपतं. आणि वेल्डिंग सुरू करायच्या आधी कार्पेट, सीट, पेट्रोलचे पाइप बाजूला, बॅटरी सोडलेली, आणि बादलीभर पाणी हाताशी. हसू नका, सीटखालच्या जुन्या कापडानं पेट घेतलेला मी बघितलाय.

ट्यूनिंग, म्हणजे खरी मजा

लोक आधी कार्ब्युरेटरला हात घालतात. शेवटी घालायचा. टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग आणि मग कार्ब्युरेटर, हा क्रम मोडलात तर दिवसभर स्क्रू फिरवत बसाल.

टॅपेटची फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचा पंधरा हजारांश, क्रोम बंपरवाल्या गाड्यांची. प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि गाडी ढकलली की इंजिन फिरतं. आठ व्हॉल्व्ह आहेत, पुढून मोजा, आणि नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठवा पूर्ण दबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दबला की तिसरा, पाचवा दबला की चौथा, आणि असंच उलटही. काका हेच करायचे आणि तोंडानं पुटपुटायचे, मला वाटायचं काहीतरी स्तोत्र म्हणतायत. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जरा ओढून निघाला पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखा. प्लगची फट २५ थाऊ, पॉइंटची १४ ते १६. नवीन मिळणारे स्वस्त कंडेन्सर आणि रोटर आर्म मात्र भिकार असतात, गाडी गरम झाली की मिसिंग सुरू होतं, म्हणून जुने चालू असलेले फेकू नका, डिकीत ठेवा.

आता दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर. वरची पितळी टोपी काढून आत ऑइल बघा, नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा, दोन्ही कार्ब्युरेटर जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा म्हणजे दोघं स्वतंत्र होतील. एक रबरी नळी घेऊन टोक कानाला, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, फुसफुस ऐका, मग दुसऱ्याची ऐका, दोन्ही सारखी होईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवा. यासाठी मीटर मिळतो, पण कान पुरतो.

मग मिश्रण. आतला पिस्टन अगदी थोडा, एक मिलिमीटरसुद्धा नाही इतका, खालच्या पिननं किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरनं उचला. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, वेग पडला किंवा बंद पडायला लागलं तर कमी, आणि क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर जमलं. १९७१-७२ च्या आधीच्या कार्ब्युरेटरला खाली षटकोनी नट असतो, खाली फिरवला की पेट्रोल वाढतं, एका वेळी षटकोनाची एकच बाजू एवढाच फिरवा. नंतरच्यांना बाजूला स्क्रू आहे, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की वाढतं. एका कार्ब्युरेटरचा बदल दुसऱ्यावर होतो, त्यामुळं दोन-तीन फेऱ्या होणारच. शेवटी क्लॅम्प घट्ट करताना दोघांमधला समतोल हलला नाही ना ते परत ऐका. आणि हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही, धुराचा वास आला नाही तरी तो विषारीच.

वायरिंग

या गाड्यांची विजेची उपकरणं बनवणाऱ्या लुकास कंपनीला इथे "अंधाराचा राजपुत्र" म्हणतात, विनोद पन्नास वर्षं तोच. पण बिचाऱ्या लुकासपेक्षा दोष गंजलेल्या अर्थिंगचा. लाइट मंद, इंडिकेटर दाबला की ब्रेकलाइट लुकलुकतो, पेट्रोलचा काटा नाचतो, सगळ्यांचं औषध एकच: काळ्या वायरी जिथे बॉडीला लागतात ती टोकं घासून चकचकीत करा. त्यानंतर फ्यूजबॉक्स आणि गोळीच्या आकाराचे जोड. रंगांचं एकदा समजलं की नकाशाही लागत नाही: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी किल्ली फिरवल्यावर, हिरवी किल्लीनंतर आणि फ्यूजमधून, जांभळी कायम पण फ्यूजमधून, निळी हेडलाइट, लाल साइड लाइट, काळी अर्थ. त्या तपकिरीला फ्यूज नसतो. ती कुठे घासली तर सरळ आग, म्हणून बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच लावून घ्या, हाच सगळ्यात स्वस्त विमा. आणि १९६७ च्या आधीची गाडी असेल तर बॅटरीचा प्लस बॉडीला लावलेला असतो, रेडिओ किंवा चार्जर जोडायच्या आधी दहा वेळा बघा.

किल्ली फिरवली की मागून टिक् टिक् टिक् येतं ना, तो पेट्रोल पंप. टिकटिक थांबली म्हणजे कार्ब्युरेटर भरले. थांबतच नसेल तर टाकी रिकामी किंवा कुठेतरी गळती. अजिबात येत नसेल तर उजव्या मागच्या चाकाजवळ जाऊन पंपाला स्पॅनरनं हळूच एक टपली मारा, नव्वद टक्के वेळा सुरू होतो आणि तुम्ही घरी पोचता. घरी पोचल्यावर मात्र त्याचे पॉइंट साफ करा, टपलीवर वर्षं काढू नका (मी दीड काढलं).

चालवायची

माझा ठरलेला रस्ता वाँटेजहून ॲशबरीकडे जाणारा, बी ४५०७, वर टेकडीवर अफिंग्टनचा पांढरा घोडा आणि खाली हा वळणावळणाचा रस्ता. पन्नास मैलांच्या वेगात पण शंभरावर असल्यासारखं वाटतं कारण बूड जमिनीपासून वीतभर. टप उघडा ठेवून हीटर लावायचा, पाय भाजतात आणि कान गोठतात. समोरून दुसरी एमजी आली की हात वर करायचा, न केलात तर पाप लागतं. पेट्रोल पंपावर कोणी ना कोणी आजोबा येणारच आणि "माझ्याकडे पण एक होती" म्हणून सुरू होणार, पंधरा मिनिटं हाताशी धरूनच चला. एकदा एका आजींनी सांगितलं की त्यांचे वडील ॲबिंग्डनच्या कारखान्यात होते, १९८० च्या ऑक्टोबरात तो बंद झाला त्याबद्दल त्या अजून रागावलेल्या होत्या, आणि जाताना त्यांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला, घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

एप्रिलमध्ये ड्राइव्ह इट डे असतो, त्या रविवारी देशभर जुन्या गाड्या बाहेर पडतात, १९०० सालच्या हजार मैलांच्या दौऱ्याची आठवण म्हणून. सप्टेंबरच्या सुमारास ब्यूलीला ऑटोजंबल, म्हणजे गंजलेल्या सुट्या भागांची जत्रा, यादी करून जा आणि पैसे मोजकेच न्या.

डिकीत काय असावं: पंख्याचा पट्टा, रोटर, कंडेन्सर, पॉइंट, वर सांगितलेले तीन पाने, तांब्याची हातोडी, पाण्याची बाटली, टॉर्च, आणि चिवड्याचा डबा कारण टोइंगवाला दोन तासांनी येतो. टपाची मागची प्लास्टिकची खिडकी थंडीत घडी घातली तर तडकते, गाडी थोडी उन्हात तापली की मगच दुमडा.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायला लागले की माझी गाडी आत. टाकी काठोकाठ भरलेली, टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक सोडलेला आणि चाकाखाली लाकूड, नाहीतर मार्चमध्ये ब्रेक ड्रमला चिकटलेले सापडतात. बॅटरीला बारीक चार्जर. आणि दर रविवारी पाच मिनिटं नुसतं सुरू करून बंद करायचं हा प्रकार नको, त्यानं सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. कोरडा दिवस बघून, पावसानं मीठ धुऊन गेल्यावर, पंधरा-वीस मैल नीट फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका. मागच्या जानेवारीत असा एकच दिवस मिळाला, बायको म्हणाली इतक्या थंडीत कोण येणार तुझ्याबरोबर, आणि मग स्वतःच दोन शाली घेऊन येऊन बसली.